हाच तो कॉन्ट्रा

कॅसेटच्या स्टिकरवर ‘९९९९ इन १’ असं ठसठशीत छापलेलं असायचं. चित्राचा आतल्या गेमशी संबंध असेलच असं नाही; बॅटमॅन असे, नाहीतर मशीनगन घेऊन दंड फुगवलेला एखादा हॉलिवूडचा नट. १९९०च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत काचेखाली या कॅसेट मांडलेल्या दिसत. घरी आणून यंत्रात खुपसली की पडद्यावर यादी उमटे. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, टँक, बॉम्बरमॅन, रोड फायटर. तिसऱ्या-चौथ्या पानावर पुन्हा मारिओच, पण भलत्या नावानं. पुन्हा कॉन्ट्रा, पण सुरुवात थेट तिसऱ्या लेव्हलपासून. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांत खरोखर वेगळे असे गेम थोडेच निघत.

फसवणूक होती, हे उघडच. पण ती पकडताना मुलांची जी भांडणं जुंपत, त्यांत एक फार जुना प्रश्न लपलेला असे. एक म्हणे, हा तोच गेम आहे, पैसे परत माग. दुसरा म्हणे, तोच कसा? त्यात लाइफ तीन होत्या, यात तीस आहेत. नाव बदललं, सुरुवात बदलली, किती वेळा मरायची मुभा आहे तेही बदललं, तर ‘तोच’ म्हणण्याजोगं मागे उरतं काय? या प्रश्नावरून न्यायदर्शन मानणारे नैयायिक आणि बौद्ध यांनी शतकानुशतकं एकमेकांना स्वस्थ बसू दिलं नव्हतं, हे त्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

ती पोरं आता चाळिशीत आहेत आणि प्रश्न उलट्या दिशेनं त्यांच्याकडे परत आला आहे. हाताशी पैसा आहे, जुन्या यंत्रांच्या नव्या छोट्या आवृत्त्या दुकानात आहेत, इम्युलेटर तर मोबाइलवरसुद्धा चालतो. विकत आणायचं, टीव्हीला जोडायचं आणि पहिली सुरावट वाजताच म्हणायचं, ‘अरे, हाच तो!’ हे म्हणणं खरं असतं का? आणि असलं, तर नेमकं कशाविषयी खरं?

निन्टेंडोचं गेमयंत्र फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलं. किंमत १४,८०० येन, रॅम अवघी २ किलोबाइट. १९८५च्या सप्टेंबरात आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये मावतो. मोबाइलवर काढलेला आजचा एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप यांना एकच चित्र वापरलं आहे. पांढऱ्या रंगात ते ढग असतं, हिरव्या रंगात झुडूप. वर्षानुवर्षं खेळूनही बहुतेकांच्या हे लक्षात आलं नाही. ‘वेगळं’ दिसणाऱ्या गोष्टी ‘त्याच’ असू शकतात, हे निदान या यंत्राच्या पोटात तरी लिहिलेलं होतं.

पुढे तैवानमध्ये फॅमिकॉमच्या चिपांच्या नकला निघाल्या आणि त्यांच्यावर चालणारी यंत्रं जगभर गेली. रशियात १९९२मध्ये ती ‘डेंडी’ या नावानं विकली गेली, पोलंडमध्ये ‘पेगासस’ म्हणून, भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ आणि अशाच कितीक नावांनी. अस्सल मालाची वाट अवघडच होती. सेगानं १९९५मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. मध्यमवर्गीय घरात ती रक्कम खेळण्यावर खर्च होणं शक्यच नव्हतं. वार्षिक परीक्षेत अमुक टक्के पाड, मग बघू, या बोलीवर जे घरी आलं ते नकली यंत्र होतं. निन्टेंडो हे नाव ऐकण्याआधीच मुलं मारिओच्या चौथ्या जगापर्यंत पोचली होती.

म्हणजे इथे क्रमच उलटा लागला. ओसाका किंवा शिकागोतल्या मुलाला अस्सल वस्तू आधी भेटली. सांगली-सोलापूरच्या मुलाला नक्कल आधी भेटली आणि त्याच्या दृष्टीनं तीच अस्सल. आज त्यानं निन्टेंडोचं अधिकृत यंत्र विकत घेतलं, तर कायद्याच्या दृष्टीनं तो पहिल्यांदाच खरा माल घेत असतो. त्याच्या स्वतःच्या दृष्टीनं मात्र तो एका बनावट यंत्राची अधिकृत नक्कल घेत असतो.

चोरीच्या मालाबद्दल ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात एक मजेदार दाखला येतो. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद चालू आहे. आंबे चोरताना पकडलेला एक माणूस म्हणतो, मालकानं जमिनीत पुरले ते आंबे वेगळे, मी झाडावरून तोडले ते वेगळे. मग मी त्याचं काय चोरलं? नागसेनाच्या मते असा माणूस तरीही दोषीच, कारण दुसरे आंबे पहिल्यांच्याच आधारानं झाले. ‘तेच’ नसूनही देणं लागतं. लॅमिंग्टन रोडवरच्या कॅसेटवाल्यांना हा दाखला परवडला नसता. पण प्रत आणि मूळ यांच्यात ऐक्य नसलं तरी नातं असतं आणि नात्याबरोबर देणंही येतं, हे त्यात नीट सांगितलं आहे. खेळणाऱ्या मुलाकडे ते देणं किती जातं, हा वेगळा वाद. त्याला आंब्याचं झाड कुणाच्या वाडीतलं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता इच्छेकडे येऊ, कारण विकत घेण्याची सुरुवात तिथे होते. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायातलं दहावं सूत्र आत्म्याच्या खुणा सांगतं, आणि त्या यादीत पहिलं नाव इच्छेचं आहे. त्यावर भाष्यकार वात्स्यायनानं केलेलं विवरण एखाद्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. एखाद्या जातीच्या वस्तूपासून माणसाला पूर्वी सुख मिळालेलं असतं. पुढे केव्हातरी त्याच जातीची वस्तू त्याला दिसते आणि ती घ्यावीशी वाटते. ही इच्छा उत्पन्न व्हायला काय लागतं? पूर्वी सुख भोगणारा आणि आज वस्तू पाहणारा एकच असावा लागतो. देवदत्तानं खाल्लेल्या लाडवाची आठवण येऊन यज्ञदत्ताच्या तोंडाला पाणी सुटत नाही. तेव्हा इच्छा होते, यावरूनच सिद्ध होतं की बदलत्या अनुभवांच्या मागे एक टिकून राहणारा ‘मी’ आहे.

या हिशेबानं २०१६च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या दुकानांबाहेर लागलेल्या रांगा म्हणजे आत्म्याच्या अस्तित्वाचा मोठाच पुरावा. निन्टेंडोनं जुन्या यंत्राचं तळहातावर मावणारं रूप ६० डॉलरला काढलं होतं, आत ३० गेम. पहिल्याच दिवशी माल संपला. २०१७च्या एप्रिलमध्ये विक्री थांबवली तोवर २३ लाख यंत्रं खपली होती. घेणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त असावीत. रिमोटची वायर इतकी आखूड होती की टीव्हीपाशी जमिनीवर बसावं लागे. अनेकांनी तक्रार केली. ‘इतक्या जवळून बघू नकोस, डोळे जातील’ असं म्हणणारं कुणी आता घरात उरलं नव्हतं, एवढाच फरक.

पण वात्स्यायनाच्या मांडणीत एक बारीक फट आहे आणि या सगळ्या प्रकरणाचा कस तिथेच लागतो. इच्छा व्हायला त्याच जातीची वस्तू पुरते. तीच वस्तू असावी लागत नाही. लाडू कालचा नसला तरी लाडूच आहे, एवढ्यावर भूक जागी होते. ओळखीचं तसं नाही. ‘हाच तो’ म्हणताना माणूस जातीविषयी बोलत नाही. त्याला तोच हवा असतो, तसाच नव्हे. बाजार मात्र फक्त जात विकू शकतो. जुन्या खेळण्यांच्या खरेदीत जो एक ठरलेला विरस होतो, म्हणजे आठवडाभर पार्सलची वाट पाहायची, अर्धा तास खेळायचं आणि यंत्र टीव्हीच्या कपाटात ठेवून द्यायचं, त्याचं मूळ इथे असावं. इच्छेनं पैसे मोजलेले असतात आणि उघडून पाहायला ओळख बसते.

योगायोग असा, की त्या ३० गेममध्ये कॉन्ट्रा नव्हताच. ‘सुपर सी’ होता, म्हणजे त्याचा पुढचा भाग. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ज्याच्या नावावर अख्खा उन्हाळा जाई, नेमका तोच वगळलेला.

‘हाच तो देवदत्त’ हे प्रत्यभिज्ञेचं, म्हणजे ओळख पटण्याचं, भारतीय तर्कशास्त्रातलं ठरीव उदाहरण आहे. नैयायिक म्हणतात, हे एकच ज्ञान आहे. डोळ्यांपुढचा देवदत्त आणि जुना संस्कार दोन्ही मिळून ते घडतं आणि वस्तू टिकून राहिली होती हे त्यातून कळतं. बौद्ध तार्किकांना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते ‘हा’ हे प्रत्यक्ष आणि ‘तो’ ही आठवण. दोन वेगळ्या गोष्टी घाईनं एकत्र शिवलेल्या. कापलेले केस पुन्हा वाढतात तेव्हा लोक म्हणतात, तेच केस. नखांचंही तसंच. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी सकाळी आपण म्हणतो, तोच दिवा. सारखेपणा इतका दाट असतो की फरक दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो नाहीच असं आपण धरून चालतो.

कॉन्ट्राला ही कसोटी लावली तर बौद्धांचं पारडं झपाट्यानं जड होतं. आधी १९८७चा आर्केडचा कॉन्ट्रा. मग १९८८मध्ये घरच्या यंत्रासाठी आलेला. त्यातही जपानी कॅसेटमध्ये कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामीनं आपली एक खास चिप घातली होती. तिच्यामुळे जंगलातली झाडं डोलत, बर्फाच्या लेव्हलमध्ये हिमवर्षाव होई, दोन लेव्हलच्या मध्ये नकाशा दिसे. अमेरिकेच्या कॅसेटमध्ये ती चिप नव्हती, झाडं स्तब्ध. युरोपात तर माणसंच काढून टाकली आणि त्यांच्या जागी यंत्रमानव बसवले, नाव दिलं ‘प्रोबोटेक्टर’. २०१९मध्ये कोनामीनं कॉन्ट्राचा जो अधिकृत संग्रह काढला, त्यात जपानी आणि अमेरिकी अशा दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या गेम म्हणून दिल्या आहेत. म्हणजे ‘९९९९ इन १’वाल्यानं वापरलेली युक्ती मूळ मालकानंही वापरली, या वेळी रीतसर पावती देऊन.

शिवाय गेम फक्त कॅसेटमध्ये असतो, हेही खरं नाही. ‘डक हंट’ची बंदूक घ्या. तिच्यातून काहीच सुटत नाही; उलट ती पडद्यावरचा प्रकाश आत घेते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर नेम लागला असं यंत्र ठरवतं. सगळा हिशेब जुन्या काचनळीच्या टीव्हीच्या ठोक्यावर बसवलेला आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, एवढ्यानंच बंदूक आंधळी होते. यंत्र तेच, कॅसेट तीच, बंदूकही तीच, आणि तरीही बदक मरत नाही.

सेगाच्या ‘सॉनिक’चंही असंच. १९९१च्या पहिल्या सॉनिकमधला धबधबा पारदर्शक दिसायचा. मुळात तो उभ्या रेघांचा आहे, एक रेघ पाण्याची, एक रिकामी. जुन्या जोडणीत आणि जुन्या टीव्हीवर शेजारच्या रेघा एकमेकींत विरघळत आणि पलीकडचं दृश्य पाण्यातून दिसल्याचा भास होई. स्वच्छ डिजिटल चित्रात रेघा रेघाच दिसतात. मग पारदर्शकपणा होता कुठे? कॅसेटमध्ये नव्हता, टीव्हीतही नव्हता. दोघांच्या जोडणीत होता आणि जोडणी गेली. रथाचे भाग सुटे करून ‘यात रथ कुठला’ असं मिलिंदाला विचारणाऱ्या नागसेनानं हे उदाहरण आनंदानं उचललं असतं.

एवढं सगळं ऐकून नैयायिकानं शस्त्रं खाली ठेवावीत की काय, असं वाटू लागतं. पण एक साक्षीदार अजून बोलायचा आहे. तो म्हणजे अंगठा.

वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. ही कळ कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ‘ग्रेडियस’साठी घातली होती, तपासताना त्यांना स्वतःलाच तो गेम फार अवघड जाई म्हणून. कॉन्ट्रामध्ये तिनं तीस लाइफ मिळत. मासिकं नव्हती, इंटरनेट नव्हतं, तरी जपानी माणसाची ही सोय महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाड्यांत आणि कॉलन्यांत तोंडातोंडी पोचली. आज चाळिशीतल्या माणसाला ती म्हणून दाखव म्हटलं तर तो मध्येच अडखळतो. रिमोट हातात दिला की अंगठा बिनचूक चालतो, आणि मग अंगठ्याकडे बघून माणूस तोंडानं सांगतो.

अन्नंभट्टानं सतराव्या शतकात ‘तर्कसंग्रह’ लिहिला. न्याय-वैशेषिक शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा पडणारं पुस्तक आजही तेच. त्यात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेग, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती टिकवणारा. भावना, म्हणजे अनुभवातून उपजून आठवणीला जन्म देणारा. हा फक्त आत्म्यात राहतो. आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेल्या वस्तूला पूर्वीच्या जागी आणणारा. हा चटईसारख्या पार्थिव वस्तूंत राहतो. अंगठ्याचं ज्ञान यांपैकी कशात बसवायचं? भावनेत म्हणावं, तर आठवण आधी यायला हवी, आणि इथे आठवण मागून येते. न्यायमतानुसार माणसाचं शरीरही पार्थिवच आहे. तेव्हा अंगठ्यात तिसऱ्या प्रकारचा संस्कार आहे, असं म्हटलं तर शास्त्राला फारसा धक्का लागू नये. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडून सोडली की पुन्हा आपोआप गुंडाळते, तिला आठवावं लागत नाही.

मेंदूविज्ञानानं हे भेद आपल्या परीनं शोधून काढले. १९५३मध्ये अमेरिकेत अपस्मारावरचा इलाज म्हणून ज्याच्या मेंदूचा भाग काढला, त्या एच. एम. नावानं प्रसिद्ध झालेल्या रुग्णाला नवी आठवण धरता येत नसे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सरावला. आपण हे पूर्वी कधी केलं आहे, हे मात्र त्याला दर वेळी ठाऊकच नसे. ‘मी’ गैरहजर असताना हात शिकत होता. वात्स्यायनाला ही बातमी अडचणीची, कारण त्याच्या युक्तिवादात शिकणारा आणि आठवणारा यांची सांगड पक्की आहे. बौद्धांनाही ती पूर्ण सोयीची नाही. काहीतरी टिकतंय, आणि ते नुसत्या सारखेपणाचा भास नाही, हे त्यांना कबूल करावं लागेल.

अंगठा भासाला बळी पडत नाही, याचा एक वेगळाच पुरावा आहे. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ ठोक्यांवर चाले, भारतातला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास ठोक्यांवर. त्या काळचे गेम वेळ या ठोक्यांत मोजत. साठासाठी लिहिलेला गेम पन्नासाच्या यंत्रावर चालवला की जिथे पाच सेकंद लागायचे तिथे सहा लागतात. मारिओ संथ धावतो, सुरावट रेंगाळते. ज्या मुलानं पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर उडी शिकली, त्याचा अंगठा त्या संथ मारिओचा आहे. अधिकृत छोटं यंत्र साठाच्या ठोक्यावर चालतं. डोळे म्हणतात, हाच तो. कान जरासे चपापतात. अंगठा उशिरा दाबतो आणि मारिओ पहिल्याच खड्ड्यात जातो. बायको-मुलांसमोर ‘पूर्वी मी हे डोळे मिटून करायचो’ असं सांगून झालेलं असतं. वय झालं असं समजून तो माणूस हसतो, पण दोष वयाचाच असेल असं नाही. त्याचा अंगठा सांगत असतो, हा तो नव्हे.

याची उलट बाजूही घडून गेली आहे. सोनीनं २०१८च्या डिसेंबरात प्लेस्टेशनचं छोटं रूप काढलं तेव्हा वीसपैकी काही गेम पन्नास ठोक्यांच्या युरोपी आवृत्तीतले घातले होते. ‘टेक्केन ३’ खेळून वाढलेल्या अमेरिकी लोकांना पहिल्या काही ठोशांतच कळलं की काहीतरी ढिलं आहे, आणि टीका झाली. चित्र तेच, नावं तीच, मुठी उशिरा पोचत होत्या. केस आणि नखांच्या उदाहरणात हे बसत नाही, कारण तिथे सगळेच फसतात. इथे फसणारे आणि न फसणारे यांच्यातला फरक एकाच गोष्टीनं पडतो: कुणाचा हात कशावर वाढला. प्रत्यभिज्ञा चुकू शकते, पण चूक पकडणारीही दुसरी प्रत्यभिज्ञाच असते. नैयायिकाला याहून जास्त काही मागायची गरज नाही.

ओळख कुठे पक्की आणि कुठे पुसट, याचाही एक नकाशा आहे, आणि तो महाराष्ट्रात वीज मंडळानं आखला. फॅमिकॉमच्या बहुतेक गेममध्ये प्रगती साठवायची सोय नव्हती. १९८७मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’च्या कॅसेटमध्ये त्यासाठी घड्याळातल्यासारखी छोटी बॅटरी बसवली होती, वीसेक वर्षांत ती संपते आणि कॅसेट सगळं विसरते. आपल्याकडच्या ‘९९९९ इन १’मध्ये तेवढीही सोय नव्हती. वीज गेली की सहाव्या जगात पोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या विटेखाली. त्यामुळे त्या पिढीला मारिओची पहिली लेव्हल घरच्या जिन्यासारखी पाठ आहे आणि आठव्या जगाबद्दल मात्र एकेकाच्या चुलतभावाचा मित्र काय सांगायचा एवढंच आठवतं. नव्या छोट्या यंत्रात हवं तिथे गेम थांबवून साठवता येतो, दर गेमला चार जागा. चाळिशीतला माणूस त्या सोयीनं आठवं जग एकदाचं पार करतो. त्यात ओळखीचा प्रश्नच येत नाही. तिथे तो कधी गेलेलाच नव्हता.

फुंकरीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सुटत नाही. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, खालच्या बाजूनं जोरात फुंकायची, पुन्हा बसवायची. जपानपासून अमेरिकेपर्यंत आणि आपल्या गल्लीपर्यंत, कुणी न शिकवता सगळी मुलं हेच करत. निन्टेंडोचा सल्ला उलट होता: फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्यानं धातूची टोकं गंजतात. गेम लागायचा तो बहुधा पुन्हा बसवल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला जाई. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८मध्ये कबुतरांना ठरावीक वेळानं आपोआप दाणे दिले, तर दाणे मिळाले त्या क्षणी जे करत होती तेच बहुतेक कबुतरं पुन्हा पुन्हा करू लागली. मुलांचं कर्मकांड याहून निराळं नव्हतं. तरी वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना इथे एक गुण द्यायला हवा. विधी फळ देतो की नाही हे बाजूला ठेवा. तो करणाऱ्याला थोडा वेळ थांबवतो, आणि तेवढ्या वेळात गरम झालेला ॲडॉप्टर निवायचा.

मग ‘तोच’ कशात होता? वस्तूत शोधलं तर बौद्ध जिंकतात. हातात शोधलं तर नैयायिकाला निम्मं राज्य मिळतं. उरलेलं निम्मं दुसऱ्या रिमोटच्या टोकाला आहे. कॉन्ट्राची तिसरी लेव्हल धबधब्याची. दोघं मिळून वर चढायचं असतं. पण पडदा पुढच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला लागून मरतो. शत्रूच्या गोळीनं नव्हे, जोडीदाराच्या घाईनं. ‘थांब ना रे!’ हे त्या लेव्हलचं खरं पार्श्वसंगीत होतं. संपलेल्या गड्याला जोडीदाराच्या शिल्लक लाइफमधून एक उचलता येई, आणि त्यावरून सुट्टीत आलेल्या आतेभावांमध्ये जेवणाच्या पानावरही अबोला टिके. कोण घाई करतो, कोण थांबतो, कोण न विचारता लाइफ घेतो, हे गेमच्या ४० किंवा १२८ किलोबाइटमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. ‘देवदत्त’ म्हणून ज्याला ओळखायचं, तो हा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्यानं खेळताना ही लेव्हल कमालीची सोपी जाते.

हा सगळा खटाटोप फक्त आठवणींचा असता, तर ज्यांना आठवणच नाही त्यांना या यंत्रात रस वाटायचं कारण नव्हतं. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा एक मुलगा फॅमिकॉमच्या अमेरिकी भावंडावरचा टेट्रिस खेळत १५७व्या लेव्हलला पोचला आणि गेम गोठला. त्या यंत्रावरचा टेट्रिस १९८९चा. तोवर कुणाही माणसानं त्याला या टोकापर्यंत आणलं नव्हतं. हा मुलगा जन्मला तेव्हा यंत्राचं उत्पादन थांबून बरीच वर्षं लोटली होती. त्याच्याकडे ‘तो’ नाही, नुसता ‘हा’ आहे. त्याच्या खेळात प्रत्यभिज्ञेला जागाच नाही, आणि गेमला तिची उणीव भासल्याचं दिसत नाही. चाळिशीतल्या रसिकांनी ही गोष्ट थोडी मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

जपानमध्ये जुन्या कॅसेटच्या बाजारात, ज्या कॅसेटवर शाळकरी अक्षरात कुणाचं नाव लिहिलेलं असतं तिचा भाव उतरतो. संग्राहकाला कोरी हवी असते. म्हणजे जातीचा उत्तम नमुना हवा असतो, व्यक्ती नको असते. तिथल्याच एका गृहस्थानं बरोबर याच्या उलट उद्योग आरंभला आहे. नाव लिहिलेल्या कॅसेटच तो गोळा करतो, त्यांचं संग्रहालय म्हणून यादी ठेवतो, आणि मूळ मालक पुढे आला तर ती त्याला परत द्यायची, असा त्याचा बेत आहे. दुकानात ज्या खुणेनं किंमत कमी होते, तीच खूण इथे कॅसेटला आत घेते.

या संग्रहात नैयायिक आणि बौद्ध दोघांनाही काम आहे. त्या नावाची मुलं जपानात शेकड्यांनी असणार. दावा करायला येणारा माणूस पन्नाशीचा असेल. त्याचं आजचं अक्षर त्या अक्षराशी जुळणार नाही. आईनं लिहिलेलं असेल तर मग विचारायलाच नको. त्याच्यापाशी पावती नाही, साक्षीदार नाही. ‘हीच ती’, एवढं म्हणण्यापलीकडे पुरावा म्हणून तो काय पुढे करणार? फार तर रिमोट मागून घेईल आणि सांगेल, चौथ्या लेव्हलला मी नेहमी इथे मरायचो, बघा.